लेवींना जमीन दिली नाही, हा मान होता की अडचण?

रानजाई:
बायबलच्या जुन्या करारात इस्राएलच्या वंशांपैकी देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशाला जमीन नाही कारण 'परमेश्वरच त्यांचा वाटा', हे लोक फार भक्तीने सांगतात. मला नाही पटत. बाकीच्यांना सलग मुलूख वाटून दिला आणि यांना सगळ्यांच्या हद्दीत विखरून 48 गावं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात. तिसऱ्या वर्षीचा दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा वाटा, कोणाला द्यायचा तर लेवी, परका, अनाथ आणि विधवा. देवाचं काम करणारा माणूस थेट या यादीत! आणि शास्ते या पुस्तकाच्या 17व्या अध्यायातला तो बेथलेहेमचा तरुण लेवी बघा, राहायला कुठे जागा मिळते का बघत फिरतोय, एफ्राईमच्या डोंगरात मीखा भेटतो तर वर्षाला चांदीचे 10 शेकेल, एक कपड्यांचा जोड आणि जेवण एवढ्यावर त्याच्या घरच्या मूर्तींचा याजक होतो. पुढे दान वंशाचे 600 हत्यारबंद येऊन म्हणतात एका घरापेक्षा आख्ख्या वंशाचा याजक हो, की हा खुशीत निघाला, मूर्ती पण उचलून. पोट असं दुसऱ्यावर असलं की हेच होतं.

गडकरी_७:
एक गरजू लेवी दाखवून सगळा वंश गरीब कसा ठरवता? गावांभोवती 2000 हात गायरान होतं, राहती घरं विकली तरी कधीही सोडवून घ्यायचा हक्क होता, आणि गायरान तर विकताच यायचं नाही. असं संरक्षण बाकीच्यांना होतं का? अब्याथार याजकाला शलमोन राजाने हाकललं तेव्हा 'अनाथोथला तुझ्या शेतावर जा' असंच सांगितलं, म्हणजे शेत होतंच की. शिलोच्या मंदिरातल्या एली याजकाची पोरं तर नोकराला तीन दातांचा काटा देऊन लोकांच्या पातेल्यातलं मांस काढायला लावायची, शिजायच्या आधी कच्चं द्या नाहीतर जबरदस्तीने घेऊ म्हणायची. हे काय गरिबाचं वागणं आहे?

पिंपळपार:
दोघंही याजक आणि लेवी एकत्र करताय, तिथेच सगळा घोळ होतोय. याजक म्हणजे लेवींमधलं फक्त अहरोनाचं घराणं. त्याला 13 गावं मिळाली आणि ती सगळी यहूदा, शिमोन, बन्यामीनमधे. बाकी लेवी पार उत्तरेपर्यंत आणि यार्देन नदीपलीकडे. शिवाय लेवींना मिळालेल्या दशमांशातला दशमांश परत याजकांना द्यायचा. अब्याथार आणि एलीची पोरं याजकच, मीखाचा तो तरुण मात्र साधा लेवी. आणि यादीतली गावं खरंच ताब्यात होती का? गेजेर लेवींना दिलं म्हणतात, पण तिथल्या कनान्यांना एफ्राईमने हाकललं नाही असं यहोशवाच्या पुस्तकातच आहे, आणि पुढे मिसरच्या फारोने ते जिंकून शलमोनाच्या बायकोला आंदण दिलं. बरेच अभ्यासक ही यादी नंतरची आणि काहीशी आदर्श मानतात ते उगाच नाही.

रानजाई:
पिंपळपार, हेच तर! हेब्रोन पण बघा, शहर आणि गायरान याजकांचं पण शेतं आणि आसपासची खेडी कालेबची. म्हणजे धान्य दुसऱ्याच्या मर्जीवरच. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच हे, पीक आलं तर मिळणार, आणि देणाऱ्याच्या मनात असेल तर. पुढे यरुशलेमचा सुभेदार झालेल्या नहेम्याच्या काळात लोकांनी वाटा देणं बंद केलं तर लेवी आणि गायक मंदिर सोडून आपापल्या शेतावर पळाले, नहेम्याला सगळ्यांना गोळा करून आणावं लागलं.

गडकरी_७:
याजक-लेवी वेगळे हे मान्य. पण नहेम्याचंच उदाहरण उलटं पडतं, पळाले ते आपल्या शेतावर! आणि विखुरल्याचा उपयोग तुम्ही मोजतच नाही. सहाही शरणपुरे लेवींच्याच गावांत, कादेश, शखेम, हेब्रोन, आणि पलीकडे बेसेर, रामोथ, गोलान. हातून चुकून खून झालेल्या माणसाला सूड घेणाऱ्यापासून वाचवायचं तर तो धावत जाऊन पोचेल इतकं गाव जवळ हवं, सगळे लेवी एका कोपऱ्यात असते तर हे जमलंच नसतं. यहोशाफाट राजाने यहूदाच्या गावोगावी नियमशास्त्र शिकवायला माणसं पाठवली त्यातही लेवी होते.

रानजाई:
उपयोग होता ना, लोकांना. राज्य फुटल्यावर उत्तरेचा राजा झालेल्या यराबामने तिथे लेवी नसलेले याजक नेमले आणि यांना काढून टाकलं तेव्हा गायरानं, वतन सगळं टाकून यरुशलेमला यावं लागलं. तो न विकता येणारा हक्क तेव्हा कुठे कामी आला?