'केटल'ला मराठीत काय म्हणावे?

रानवाट: जॉर्जियातल्या बातुमीच्या शिकारी पक्ष्यांच्या मोजणीवरचा मजकूर मराठीत आणते आहे. चढत्या उष्ण हवेवर एकत्र घिरट्या घेत वर जाणाऱ्या पक्ष्यांना तिथे 'केटल' म्हणतात. जुन्या मसुद्यात चक्क 'किटली' आहे. 'थवा' चालेल?

मोरघार: किटली काढाच, पण थवाही नको. भोरड्यांचा थवा एकमेकांच्या सोबतीने उडतो. इथे मधुबाज, घारी, गरुड चढती हवा सापडेल तिथे गोळा होतात आणि उंची मिळाली की आपापले निघतात. मी 'भोवरा' म्हणेन. भोवऱ्याच्या माथ्यावरून पंख न हलवता एकामागून एक तिरके घसरत जातात, ती 'माळ'.

हे दोन शब्द वेगळे हवेतच, कारण मोजायचे माळेत, भोवऱ्यात नाही. भोवऱ्यात तोच पक्षी फिरून पुन्हा समोर येतो, खालून नवे शिरत राहतात, आकडा हमखास चुकतो. दुर्बिणीत एखादे शिखर किंवा खांब धरा; पक्ष्याने त्याची उभी रेघ ओलांडली की हातातल्या काउंटरची कळ एकदा दाबा. माळ दाट असेल तर आधी दहा पक्षी एकेक मोजून त्यांची लांबी नजरेत बसवा, मग दहा-दहाने पुढे. जात दुसऱ्याने ओळखावी. मोजणाऱ्याने नजर हलवू नये.

कार्तिकी: 'ऑटम मायग्रेशन'ला 'शरद ऋतूतले स्थलांतर' असे लिहिले असेल तर तेही तपासा. बातुमीत मधुबाजांची लाट ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला येते, आपल्याकडे तेव्हा श्रावण-भाद्रपद. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ ठूलाखर्कला स्टेपी गरुड थेट कार्तिक-मार्गशीर्षात जातात. 'दक्षिणेकडचे'ही सरसकट बसत नाही. ठूलाखर्कचे गरुड हिमालयाच्या कडेकडेने पूर्वेकडून पश्चिमेला जातात. 'परतीचे' तर नकोच, आपल्या वाचकाला त्यातून उन्हाळ्यापूर्वीचा उत्तरेकडचा प्रवास कळतो. 'हिवाळी मुक्कामाकडचे स्थलांतर' लांब आहे, पण बरोबर आहे.

रानवाट: भोवरा आणि माळ घेते. 'मॉनिटरिंग'ला 'देखरेख'?

मोरघार: देखरेख राखणदाराची. इथे 'नियमित मोजणी' लिहा, आणि 'नियमित' गाळू नका. दरवर्षी तीच जागा, तेच दिवस, तेच तास. एकही पक्षी न दिसलेल्या तासापुढेही शून्य लिहायचे. रिकामी जागा सोडली तर त्या तासाला माणूस बसला होता की नव्हता, हेच पुढे कळत नाही. लांबचा गरुड स्टेपी की ठिपकेदार ठरत नसेल तर 'गरुड, जात अनिश्चित' हा रकाना वापरायचा. अंदाजाने नाव घातले की दोन्ही जातींचे आकडे बिघडतात.