मूल झेडपीच्या शाळेत, मग घरी तुम्ही काय करता? अनुभव सांगा

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या शाळेत माझी मुलगी तिसरीत आहे. पट 14, वर्ग चार, गुरुजी दोन. कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे एका वर्गाला शिकवणं चालू असतं तेव्हा त्याच खोलीतला दुसरा वर्ग आपापलं काही करत बसतो. यात गुरुजींना बोल लावावा असं मला वाटत नाही. पण तो वेळ घरी भरून काढायला हवा, आणि घरी मी एकटीच, मालक मुंबईला.

गेल्या वर्षी मी नुसतं "अभ्यासाला बस" म्हणून ओरडत होते. यंदा जूनपासून मी भाकऱ्या भाजते तेव्हा ती चुलीसमोर बसून धडा मोठ्याने वाचते, मग पुस्तक मिटून मला गोष्ट सांगते. अडली तर मी लगेच शब्द सांगत नाही, थांबते. सुरुवातीला तीन ओळींत दमायची. गणपतीपर्यंत अख्खा धडा वाचायला लागली. गणितात मात्र माझं काही चालत नाही. आम्ही 'हातचा' शिकलो, ती 'दशक सुटा करायचा' म्हणते आणि दोघी भांडतो.

तुम्ही काय करता ते लिहा. शिकवणीचा सल्ला नको, सगळ्यात जवळचा क्लास आठ किलोमीटरवर आहे.

वेंगुर्ल्याहून, मासे विकणारी आई

ताई, माझी शाळा चौथीपर्यंतच. हिशेब सगळा तोंडी. माझा मुलगा रविवारी माझ्याबरोबर बाजारात बसतो. बांगड्याचे दोन वाटे 180 ला दिले, गिऱ्हाइकाने 500 ची नोट दिली, तर तो बोटांवर म्हणतो: 180 वर 20 म्हणजे 200, आणि वर 300. परत 320. एकदाही चुकत नाही. तोच मुलगा शाळेत 500 वजा 180 चं उत्तर 480 लिहून आला! शून्यातून 8 जात नाहीत म्हणून त्याने 8 मधून शून्य काढला होता. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला एवढे परत दिलेस तर आपल्याकडे काय राहील? वही बघत बसला आणि म्हणाला, "आये, ह्या तर आपल्या बाजारातलाच गणित!" दुसऱ्या दिवशी मी बाईंना जाऊन सांगितलं, याला येतं, कागदावर अडतं. बाईंनी वर्गात दुकान मांडलं. मुलाला काय येतं तेही शाळेला सांगायला हवं, तक्रार सांगायलाच जायचं असं नाही.

मालवण तालुक्यातून, रिक्षा चालवणारे वडील

आमच्या झिलाला पहिलीत मालवणी बोलतो म्हणून ओरडा बसला. कुठल्या शाळेत ते लिहीत नाही. तो शाळेत बोलायचाच बंद झाला. घाबरून आम्हीही घरी पुस्तकी बोलायला लागलो, तर घरातही गप्प. आजीशी तेवढा बोलायचा, कारण आजीला दुसरी भाषा येतच नाही.

पुढच्या वर्षी नवीन गुरुजी आले. ते म्हणाले, घरात मालवणीतच बोला, भरपूर बोला, पुस्तकातली भाषा त्यावरच चढते. आम्ही एक वही केली, मधोमध रेघ. डावीकडे खंय, उजवीकडे कुठे. झील, मुलगा. चेडू, मुलगी. व्हाळ, ओढा. आवस, आई. शब्द तो स्वतः गोळा करतो. आता आजी रात्री गोष्ट सांगते आणि तो सकाळी तीच चार ओळींत पुस्तकी मराठीत लिहितो. आजीला वाटतं आपली गोष्ट छापूनच येणार. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय. पण मला ते नंतर कळलं. आधी पोराचं तोंड उघडलेलं बघितलं.

गुहागर तालुक्यातून, शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य

मी दोन वर्षं समितीत नुसती सही करत होते. मग माहेरच्या वहिनीने सांगितलं की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च होतं ते बघणं, हे समितीचंच काम. म्हणजे आम्ही पाहुण्या नाही.

पहिली मागणी वेळेची केली. बैठक दुपारी बाराला, तीही लावणीच्या दिवसांत! बाया येणार कशा? संध्याकाळी पाचची वेळ ठरली आणि तीन जणींच्या जागी अकरा जणी आल्या. मग एकच विचारलं, प्रत्येक वर्गात किती मुलं न अडखळता परिच्छेद वाचतात? रंग, गेट, झेंडावंदन यावर तासभर बोलणं व्हायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. गुरुजींनाही बरं वाटलं असं मला दिसलं.

त्याच बैठकीत पलीकडच्या वाडीतली मुलं जुलैत नऊ दिवस का आली नाहीत ते कळलं. पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला होता. समितीने ठराव करून ग्रामपंचायतीला दिला. दुरुस्तीला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर दोन-दोन पालकांनी पाळीपाळीने पोरांना हात धरून पलीकडे नेलं, आणि पाणी चढलं की त्या दिवशी त्यांच्याच वाडीत एका पडवीत चौथीच्या मुलीने लहानांचं वाचन घेतलं.

विरारहून, खेडचा चाकरमानी

रोज फोनवर "किती मार्क?" विचारायचो, लेक "बरे" म्हणून फोन आईकडे द्यायची. शिमग्याला गावी गेलो तेव्हा पत्ता लिहिलेली दहा पोस्टकार्डं तिला देऊन आलो. पहिल्यात आलं, "पपा मशीला रेडकु झाल." मी चुका काढल्या नाहीत. उत्तरात लिहिलं, "म्हशीला रेडकू झालं हे वाचून आनंद झाला. रेडकू कुणासारखं दिसतं?" पुढच्या कार्डात तिने 'म्हशीला' बरोबर लिहिलं.

लांज्याहून, प्राथमिक शिक्षिका

एवढंच सांगते, मुलांना रोज पाठवा. मुंबईची माणसं आली की गणपतीत पंधरा दिवस जातात, शिमग्यात आठ. सण करा, मलाही आवडतो. पण आरतीच्या दुसऱ्या दिवशी मूल वर्गात दिसू दे. आणि प्रकल्प तुम्ही करून देऊ नका, मला वाकडंतिकडं चालतं.

राजापूरहून, धागा काढणारी

वेंगुर्ल्याच्या ताई, तुमचं वाचून काल काजूच्या बिया काढल्या. दहा-दहाच्या पुड्या बांधल्या. 42 वजा 17. चार पुड्या, दोन सुट्या. सातासाठी बिया पुरेनात तेव्हा तिने एक पुडी सोडली, दोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, हाच तुझा हातचा."