राष्ट्रकूट राजांची लेणी पाहायचीत, वेरूळला सुरुवात कुठून करू?

बीडवाला: पोरांना घेऊन निघालोय. जो तो कैलास लेणंच सांगतो. राष्ट्रकूटांची सुरुवात कुठं दिसेल?

वेरूळकर: आधी १५ नंबरचं दशावतार लेणं गाठा. अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा कोरलेला लेख आहे. ७५३ च्या सुमारास त्यानं बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. मग त्याचा काका पहिला कृष्ण गादीवर आला, त्याच्या काळातला कैलास. अख्खा डोंगर वरून खाली कोरलाय! रावण कैलास पर्वत हलवतोय ते शिल्प सोडू नका. पार्वतीनं शंकराचा हात घट्ट धरलाय, मागं दासी पळत सुटलीय. मला त्या दासीपुढून हलवत नाही.

कंधारकर: आमचं नांदेड जिल्ह्यातलं कंधारही राष्ट्रकूटांचंच. क्षेत्रपालाच्या, म्हणजे राखणदार देवाच्या, महाकाय मूर्तीचे अवशेष बघायला या.

बीडवाला: लेख सकाळच्या उजेडात दिसेल का?

वेरूळकर: मंडप उघड्यावरच आहे, दिसतो.