जिन्याची चाचणी गुडघ्यामुळे अर्धवट राहिली. फुप्फुसाच्या ऑपरेशनआधी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो. वय ६८, एसटीत ड्रायव्हर होते, चाळीसेक वर्षं विडी ओढली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरलेला दिसत नाही. वरचा लोब काढायचा ठरतंय, पण आधी ऑपरेशन झेपेल का ते बघायचं.

पीएफटीत (फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी) एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा, ६२ टक्के; डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता, ४८. डॉक्टरांनी कागदावर हिशोबच मांडून दाखवला: दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ सेगमेंट, त्यातले ३ जाणार, १६ उरणार. म्हणजे ऑपरेशननंतर अंदाजे ५२ आणि ४०. दोन्ही आकडे साठच्या वर असते तर पुढची परीक्षा नसती. एक जरी तिसाच्या खाली गेला असता तर थेट सीपेट (व्यायाम करताना हृदय-फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी). अण्णा मधे अडकले, म्हणून जिना चढायला लावला.

२२ मीटर उंची चढायची, म्हणजे साधारण सात मजले. अण्णा चौथ्यावर थांबले. दम लागून नव्हे, उजव्या गुडघ्याने दगा दिला. ऑक्सिमीटरवर ९४ होतं. वर सोबतच्या सिस्टरना सांगत होते, "घाटात गाडी गरम झाली की थांबवावीच लागते." रिपोर्टवर मात्र नुसतं 'चाचणी अपूर्ण'.

आता 'ऑपरेशन नको, रेडिएशन घ्या' म्हणतील, अशी धास्ती आहे. एसबीआरटी (गाठीवर नेमकं, मोजक्या बैठकांत दिलेलं रेडिएशन) हाही चांगला पर्याय आहे हे कळतंय, पण गुडघ्यापायी ऑपरेशन हुकू नये एवढंच वाटतं.

सपाटीवर चालण्याची शटल वॉक चाचणी असते, ४०० मीटरची, असं वाचलं. तुमच्यापैकी कुणी जिन्याऐवजी ती मागून घेतली का? की सरळ सायकलवरची सीपेट करून घ्यावी? त्यात व्हीओटू मॅक्स (व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा) वीसच्या वर असेल तर बरं, दहाच्या खाली असेल तर धोका जास्त, एवढं समजलंय. पण दुखऱ्या गुडघ्याने सायकल नीट मारता आली का, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांनीच सांगावं. पुण्यात कुठे होते, अंदाजे खर्च किती, तेही लिहा.

विडी सोडून १९ दिवस झाले. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर दिवसातून चार-पाचदा चालू आहे, तिसरी गोळी अजून उचलत नाही. (काढे सुचवू नका प्लीज, नातेवाईकांनी तो कोटा पूर्ण केलाय.)

मंगळवारी सर्जनकडे परत जायचंय. गुडघ्याचा एक्स-रे आणि ऑर्थोची चिठ्ठी सोबत नेली तर उपयोग होईल का?