मूकवाचनाच्या वेळेत भारतीय सांकेतिक भाषेतील खुणा वापरण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी हे वर्ग एकत्र शिकवते. चौथीला गणित शिकवत असताना तिसरीची मुले मूकवाचन किंवा स्वाध्याय करत असतात. नेमके त्याच वेळी कोणाला पाणी प्यायला जायचे असते, तर कोणाला एखादा शब्द अडलेला असतो. "बाई!" अशी एक हाक आली, की चौथीचा हातचा राहून जातो आणि तिसरीचे वाचनही मोडते. एकीला करंगळी आणि दुकीला दोन बोटे दाखवणे मुलांच्या अंगवळणी पडलेले आहेच. त्यात 'पाणी', 'मदत', 'समजले नाही', 'झाले' अशा थोड्या खुणांची भर घालावी, असे मनात आहे.

या खुणा मी स्वतः ठरवू शकले असते. परंतु तिसरीत एक कर्णबधिर मुलगी आहे. ती श्रवणयंत्र लावते आणि ओठांकडे पाहून बरेचसे समजून घेते; मात्र मी फळ्याकडे वळले, की तिला काहीच कळेनासे होते. सांकेतिक भाषा तिला कोणी शिकवलेली नाही. तिच्या खुणा घरातल्या आहेत. शेळीबद्दल सांगायचे असले, की ती हनुवटीखालची दाढी ओढून दाखवते. म्हणूनच वर्गात ज्या खुणा येतील त्या खऱ्या भाषेतल्या असाव्यात, पुढे मोठ्या कर्णबधिर माणसांशी बोलताना तिला त्या उपयोगी पडाव्यात, असे मला मनापासून वाटते.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा सुमारे 10,000 शब्दांचा चित्रफितींचा कोश मी पाहते आहे. त्यावरून हाताची खूण उचलता येते, पण या भाषेत प्रश्न विचारताना भुवया आणि चेहराही बोलतो, आणि 'काय', 'कुठे' हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. हे सारे वगळून सुट्या खुणाच शिकवल्या, तर बाकीची मुले त्यांना वर्गशिस्तीची युक्ती समजतील आणि ती मुलगी होती तिथेच राहील, ही माझी खरी काळजी आहे. शिवाय खुणा प्रदेशागणिक थोड्या बदलतात. मग कोशातली खूण धरावी, की आपल्या भागातील कर्णबधिर प्रौढांची?

दुसरी अडचण तिचे लक्ष वेधण्याची आहे. ती पुस्तकात डोके घालून बसली, की समोरून केलेली खूण तिला दिसत नाही. लाकडी जमिनीवर पाय आपटला तर कंपने पोहोचतात, असे वाचले होते. आमची मुले मात्र फरशीवर सतरंजी टाकून बसतात. दिव्याची उघडझाप केली, तर चौथीचेही लक्ष उडते. शेजारच्या मुलीने खांद्याला हलकेच स्पर्श करावा, हा उपाय मला बरा वाटतो, पण दरवेळी त्याच मुलीवर हा भार टाकणे योग्य ठरेल का?

खुणांची सवय लागली तर मुलगी बोलायचीच नाही, अशी भीती तिच्या आईला वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेला स्थान आहे, एवढे सांगून त्या माउलीचे समाधान होणार नाही.

कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांनी, तसेच स्वतः कर्णबधिर असलेल्या वाचकांनी कृपया सांगावे: सुरुवात कोणत्या खुणांपासून करावी, त्या या मुलीला इतरांच्या आधी शिकवाव्यात की सर्वांबरोबर, आणि तिच्या आईशी हा विषय कसा बोलावा?