जठराचा कर्करोग, थकलेले शरीर आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : आपले अनुभव

घरातील वयस्क, अशक्त माणसाला जठराचा कर्करोग झाला की 'एवढे मोठे ऑपरेशन झेपेल का?' या प्रश्नापाशीच सगळे अडतात. निर्णय कसा झाला आणि पुढचे दिवस कसे गेले, हे कृपया सविस्तर लिहावे.

मुलगी, नाशिक : बाबा ७८ वर्षांचे, त्यातून जुना दमा. भूलतज्ज्ञांनी वयापेक्षा, न थांबता किती पायऱ्या चढतात, याचीच अधिक चौकशी केली. रक्त कमी असल्याने शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलून शिरेतून लोह दिले, आहारात प्रथिने वाढवली आणि तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरवर श्वासाचा व्यायाम सुरू केला. आधी जेमतेम एक गोळी उचलणारे बाबा पुढे दुसरीही उचलू लागले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान असले तरी जठराचा भाग आणि लसिकाग्रंथी (कर्करोग जिथे पसरू शकतो त्या आसपासच्या गाठी) तेवढ्याच काढाव्या लागतात, दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूचा हृदय व फुफ्फुसांवर ताण येतो आणि वेळ पडल्यास पोट उघडावेही लागते, हे सर्जननी आधीच सांगितले होते. बाबांना खरा लाभ झाला तो नंतर : पोटावर उशी दाबून धरून त्यांना खोकता आले, कफ साचला नाही. आता ते थोडे थोडे, पण अनेकदा खातात.

मुलगा, ठाणे : आईचा कर्करोग अस्तरापुरताच होता, म्हणून पोटावर एकही छेद न देता, जपानमध्ये विकसित झालेल्या एंडोस्कोपीच्या (तोंडावाटे जठरात नळीसारखी दुर्बीण घालण्याच्या) पद्धतीने तो अखंड सोलून काढला. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत तो खोलवर गेलेला आढळला असता, तर शस्त्रक्रियेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. सुदैवाने तुकड्याच्या कडा स्वच्छ, म्हणजे कर्करोगविरहित निघाल्या.

सर्जन, पुणे : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील क्लास-०१ या, जठराच्या कर्करोगात दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ९४.२ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ९३.३ टक्के होते. मात्र ते पहिल्या टप्प्यातील रुग्ण होते. आपल्याकडे बरेच रुग्ण उशिरा येतात, त्यामुळे हे आकडे खंगलेल्या, आजार पुढे गेलेल्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत, असे मी नातेवाइकांना आवर्जून सांगतो.

सून, कोल्हापूर : सासूबाईंचा आजार पसरला होता आणि जठराचे खालचे तोंड बंद झाल्याने पाणीही उलटून पडत असे. डॉक्टरांनी जठर काढण्याचा आग्रह न धरता एंडोस्कोपीने तेथे स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला. आजार तसाच राहिला, परंतु त्यांना पुन्हा पेज गिळता आली, आणि त्यांनी स्वतः मागितले होते ते एवढेच.