‘वेल’, ‘यू नो’ आणि ‘लाइक’ आपल्याला कोणी शिकवतच नाही

यॉर्कशायरवासी

इंग्लंडमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी व्हावी यासाठी मी आयेल्ट्स ही इंग्रजी भाषेची परीक्षा दिली होती. तिच्यात एकूण साडेसात गुणांची अट असते आणि मला त्याहून अधिक गुण मिळाले होते, त्यामुळे भाषेची अडचण येईल असे मनातही नव्हते. रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला मी वेदनेविषयी विचारले. त्याचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते: ‘वेल, इट्स नॉट, यू नो, टू बॅड, लाइक.’ मी त्यातले ‘नॉट टू बॅड’ एवढेच ऐकले, वेदना सौम्य असल्याची नोंद केली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. तेव्हा एका ज्येष्ठ परिचारिकेने मला बाजूला घेऊन सांगितले की हा माणूस कळवळतो आहे आणि तसे तो तुम्हांला सांगतोही आहे. तिने त्याला दहापैकी किती दुखते असे विचारले, तेव्हा त्याने आठ म्हणून सांगितले.

ज्या शब्दांत खरे उत्तर होते, नेमके तेच मी गाळून ऐकले होते. प्रश्नाच्या उत्तरापूर्वी ‘वेल’ आले की पुढचे उत्तर सरळ नाही, अपुरे आहे किंवा विचारणाऱ्याला नकोसे वाटेल असे आहे, याची ती बहुधा पूर्वसूचना असते. ‘यू नो’ म्हणणारा माणूस अर्थाचा उरलेला भाग ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोपवत असतो. वाक्याच्या शेवटी येणारे ‘लाइक’ ही तर माझ्या यॉर्कशायरसह उत्तर इंग्लंडची जुनी सवय आहे. आपले विधान थोडे मऊ करून समोर ठेवण्याची ती रीत आहे. हे ‘लाइक’ अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलींनी आणले असे सर्रास सांगितले जाते, परंतु वाक्याच्या शेवटचे ‘लाइक’ 1778 साली छापलेल्या एका इंग्रजी कादंबरीतही आढळते.

अडखळण्याच्या आवाजांचेही तसेच आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिले की इंग्रजी बोलणारे लोक छोट्या खंडापूर्वी ‘अ’ म्हणतात आणि लांब खंडापूर्वी ‘अम्’ म्हणतात. म्हणजे किती थांबावे लागेल याची कल्पना ते ऐकणाऱ्याला आधीच देतात. 2007 साली स्कॉटलंडमधील संशोधकांना असे दिसले की अशा आवाजानंतर आलेला शब्द ऐकणाऱ्यांच्या नंतर अधिक लक्षात राहतो.

आपण मात्र इंग्रजी शिकलो ते कागदावरून, आणि कागदावर येईपर्यंत हे सारे पुसले गेलेले असते. ब्रिटिश संसदेतील भाषणांचा अधिकृत वृत्तान्तसुद्धा पुनरुक्ती आणि अनावश्यक शब्द काढूनच छापला जातो. त्यामुळे सुशिक्षित इंग्रज माणूस छापल्यासारखा बोलतो अशी आपली समजूत होते आणि प्रत्यक्षात तो तसा बोलला नाही की आपण त्याचे निम्मे बोलणे कचरा म्हणून टाकून देतो. काळ आणि प्रयोग ज्या काळजीने शिकवले जातात, त्याच काळजीने हे शब्दही आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले जावेत, असे माझे ठाम मत आहे.

फळा-खडू

आपला अनुभव मोलाचा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी सव्वीस वर्षे सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तरीही दहावीच्या वर्गात ‘ही गो’ आणि ‘ही गोज’ यांतला फरक पक्का न झालेली मुले दरवर्षी माझ्यासमोर बसलेली असतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मी त्यांना ‘वेल’च्या छटा शिकवाव्यात की क्रियापदाची रूपे?

दुसरे असे की हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ते आपोआप चिकटतात आणि मग सुटत नाहीत. महाविद्यालयात गेलेले माझे जुने विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘बेसिकली’, ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘लाइक’ असते. शब्द सुचत नाही ही अडचण त्यांनी या तीन शब्दांखाली झाकलेली असते. त्यांतल्या एका अतिशय हुशार मुलीला नोकरीच्या मुलाखतीनंतर सांगण्यात आले की तुमच्या बोलण्यात आत्मविश्वास दिसला नाही. तिच्या जागी त्याच शब्दांनिशी बोलणारा इंग्रज उमेदवार असता, तर हा शेरा मिळाला असता का, याचा आपण विचार करावा. जन्मभाषेत अडखळणाऱ्याला लोक विचारमग्न म्हणतात आणि परक्या भाषेत अडखळणाऱ्याला कच्चा म्हणतात. हा अन्याय आहे, हे मला कळते. पण तो माझ्या विद्यार्थ्यांनी आपल्या नोकऱ्या पणाला लावून दूर करावा, अशी अपेक्षा मी करणार नाही.

बोलीतल्या नव्या शब्दांचे तर आणखीच अवघड आहे. आज शिकवलेला शब्द मूल मोठे होईपर्यंत शिळा झालेला असतो.

निरुक्त

अशा शब्दांना अर्थहीन म्हणून वगळावे की त्यांचा अभ्यास करावा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने निपातांचे, म्हणजे रूप न बदलणाऱ्या छोट्या शब्दांचे, प्रकार सांगताना उपमेसाठी येणारे, अर्थांची जोड करणारे आणि केवळ पदपूरण करणारे, म्हणजे श्लोकाचा चरण भरून काढणारे, असे भेद केले, आणि या शेवटच्या गटात ‘कम्’, ‘ईम्’, ‘इत्’, ‘उ’ हे शब्द घातले. अमरकोशातही ‘तु हि च स्म ह वै पादपूरणे’ अशी नोंद आहे. म्हणजे हे शब्द भरीचे आहेत असे म्हणत असतानाही आपल्या पूर्वसूरींनी त्यांना कोशात आणि शास्त्रात जागा दिली. ज्ञानेश्वरीतले ‘पैं’ आणि ‘गा’ काढून टाकले तर ओवीचा विषय कळेल, परंतु निवृत्तिनाथांसमोर, श्रोत्यांच्या मेळ्यात कोणी बोलत आहे हे कळणार नाही. इंग्रजीतल्या ‘यू नो’कडे त्याच आदराने पाहायला काय हरकत आहे?

हडसनकाठ

निरुक्त यांनी दिलेले दाखले सुंदर आहेत, परंतु ते येथे पूर्णपणे लागू होत नाहीत. पादपूरणाचा शब्द वृत्ताची मात्रा भरण्यासाठी कवीने निवडलेला असतो, तर ‘अम्’ हा विचार पुढे आणि जीभ मागे राहिल्यामुळे आलेला असतो. ज्ञानेश्वरीतल्या ‘गा’चे नाते ‘यू नो’शी जुळते हे मी मान्य करतो, कारण दोन्ही श्रोत्याला उद्देशून आहेत, पण सगळ्याच भरीच्या शब्दांना एका दावणीला बांधू नये.

मी न्यू जर्सीत अठरा वर्षे संगणक क्षेत्रात काम करतो, आणि मला फळा-खडू यांच्या म्हणण्यात आणखी एका बाजूची भर घालायची आहे. इंग्रजी भाषकांचा समाज आपल्या माणसांना तरी हे शब्द माफ करतो, असे आपण गृहीत धरले आहे. तसे नाही. टोस्टमास्टर्स ही वक्तृत्वाचा सराव करून घेणारी संस्था 1924 साली कॅलिफोर्नियातच सुरू झाली, आणि तिच्या सभेत प्रत्येक वक्त्याचे ‘अ’, ‘अम्’, ‘सो’, ‘लाइक’ मोजण्यासाठी एक स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. पुण्यात, मुंबईत जे लोक या सभांना जातात त्यांना ही मोजणी परिचयाची असेल. 2008 च्या अखेरीस कॅरोलाइन केनेडी यांचे नाव न्यू यॉर्कच्या सेनेटरपदासाठी पुढे आले, तेव्हा त्यांच्या मुलाखतींतल्या ‘यू नो’ची वृत्तपत्रांनी अक्षरशः गणती केली, आणि त्यांची तयारी अपुरी आहे या टीकेला त्या गणतीचा आधार देण्यात आला. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपले नाव मागे घेतले. त्याला हेच कारण होते असे मी म्हणणार नाही, परंतु केनेडी घराण्यातल्या, वकिलीचे शिक्षण घेतलेल्या बाईंना जे सोसावे लागले ते आपल्याकडच्या नवख्या अभियंत्याला सोसावे लागणार नाही, असे कोण म्हणेल?

माझ्या कार्यालयातल्या नव्या मराठी सहकाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो: शब्द सुचला नाही तर गप्प राहा आणि सुचल्यावर बोला. मौनाला कोणत्याही देशाचा हेल नसतो.

पूर्व लंडन

मौनाचा हा सल्ला सभेतल्या भाषणासाठी ठीक असेल, पण संभाषणात तो महागात पडतो. दोन इंग्रज बोलत असताना मध्ये गप्प राहणाऱ्याची पाळी संपली असे समजून समोरचा बोलू लागतो. ‘अम्’ हा ‘माझे बोलणे अजून व्हायचे आहे’ असे सांगण्याचा सभ्य मार्ग आहे. बैठकीत आपले म्हणणे पुरे होत नाही अशी तक्रार करणारे अनेक मराठी लोक मी पाहिले आहेत. ते हळू बोलतात म्हणून मागे पडत नाहीत. थांबताना आपली जागा राखून ठेवत नाहीत म्हणून मागे पडतात.

मला मात्र ‘इनिट’विषयी लिहायचे आहे, कारण योग्य काय आणि अयोग्य काय हे कोण ठरवते हा प्रश्न त्या एका शब्दात उघडा पडतो. प्रमाण इंग्रजीत वाक्यामागे जोडायचा प्रश्न क्रियापदाप्रमाणे बदलतो: ‘इजन्ट इट’, ‘डझन्ट ही’, ‘हॅवन्ट दे’. आपल्या ‘ना’चे तसे नाही, ‘तू येतोस ना’, ‘ते गेले ना’, सगळीकडे ‘ना’ एकच. म्हणून आपला माणूस ‘यू आर कमिंग, इजन्ट इट’ म्हणतो आणि शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. लंडनमधील तरुणांनी ‘इनिट’ हा एकच शब्द सगळ्या क्रियापदांमागे लावून नेमके हेच केले आहे. कॅरिबियन, आफ्रिकी, बांगलादेशी आणि गोऱ्या कुटुंबांतली मुले एकाच शाळेत शिकताना जी इंग्रजी घडली, तिच्यात हा शब्द रुळलेला आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्या बोलीचा गांभीर्याने अभ्यास करतात. तरीही 2013 साली दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने बंदी घातलेल्या शब्दांची यादी भिंतीवर लावली, तेव्हा तिच्यात ‘इनिट’ आणि ‘लाइक’ दोन्ही होते, आणि वाक्याच्या आरंभी ‘बेसिकली’ म्हणण्यासही मनाई होती.

माझी मुलगी अशाच एका शाळेत शिकते. घरी ती माझ्याशी मराठीत ‘ना’ म्हणते, मैत्रिणींशी ‘इनिट’ म्हणते आणि शिक्षकांशी ‘इजन्ट इट’ म्हणते. तिन्हींतला फरक तिला अकराव्या वर्षी कळतो. अशा मुलीला यादी दाखवून ‘यांतला एकच खरा’ असे सांगणे मला तिच्या बुद्धीचा अवमान वाटतो.

बोलीतले शब्द शिळे होतात हे फळा-खडू यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ‘ओके’ हा 1839 साली बॉस्टनच्या वृत्तपत्रात गमतीने केलेला संक्षेप होता. आज तो आपल्या गावातल्या रिक्षाचालकाच्याही तोंडी आहे.

यॉर्कशायरवासी

हडसनकाठ आणि फळा-खडू यांच्या प्रतिसादांनंतर मला माझे मूळ विधान सुधारावेसे वाटते. हे शब्द मुलांनी बोलावेत असे मला म्हणायचे नव्हते, पण मी ‘शिकवावेत’ एवढेच लिहिले, ही माझी चूक. मी स्वतः रुग्णांशी बोलताना ‘लाइक’ वापरत नाही. माझ्या तोंडी ते उसने वाटेल. माझी मागणी कानापुरती आहे. वाचता येणारा प्रत्येक शब्द माणूस लिहीत नाही. तसेच ऐकून समजावे असे पुष्कळ शब्द असतात जे आपण कधी बोलणार नाही.

परंतु ते ‘आपोआप चिकटतात’ या म्हणण्याला माझा विरोध कायम आहे. शब्द चिकटतो, अर्थ चिकटत नाही. यॉर्कशायरमध्ये ‘व्हाइल’ हा शब्द ‘पर्यंत’ या अर्थाने वापरतात. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊपासून पाचपर्यंत. गोळ्या कधीपर्यंत घेतल्या असे विचारल्यावर ‘व्हाइल फ्रायडे’ असे उत्तर आले, तर व्याकरण पक्के असलेला डॉक्टरच जास्त गोंधळेल. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीची तक्रार, ‘पूअरली’ म्हणजे आजारी, आणि ‘यू ऑलराइट?’ हा केवळ नमस्कार आहे, चौकशी नव्हे. हे सारे मला रुग्णांनी शिकवले, आणि त्यांच्या दुखण्याच्या काळात शिकवले. ते मी आधीच शिकून यायला हवे होते.

फळा-खडू

कानापुरते म्हणत असाल तर आपल्यातले अंतर कमी झाले आहे. तरी प्राधान्याविषयीचे माझे मत बदललेले नाही: आधी वाक्य उभे राहिले पाहिजे, मग त्याचे हेलकावे. दहावीपर्यंत मी क्रियापदच शिकवीन.

एक गोष्ट मात्र मान्य करते. इंग्रजी संवादांत अडखळण्याच्या आवाजासाठी ‘ई-आर’ असे छापलेले असते, ते मी इतकी वर्षे वर्गात ‘एर’ असे वाचत आले. काल माझ्या भाच्याने सांगितले की दक्षिण इंग्लंडमध्ये तो ‘आर’ उच्चारलाच जात नाही आणि तो केवळ ‘अ’ असा लांबवलेला आवाज आहे. माझ्या कितीतरी मुलांनी तो ‘एर’ नावाचा इंग्रजी शब्द समजून पाठ केला असेल. पुढच्या सत्रात अकरावीच्या जादा तासाला मी न कापलेले, खरेखुरे संभाषण पाच मिनिटे ऐकवणार आहे. त्यासाठी आपल्याला विचारते: त्या शेतकऱ्यासारखा रुग्ण आज समोर आला आणि ‘वेल’ म्हणाला, तर आपण नेमके काय करता?

यॉर्कशायरवासी

लेखणी खाली ठेवतो आणि त्याचे वाक्य संपल्यावरही दोन-तीन सेकंद काहीच बोलत नाही. बहुतेक वेळा त्या वेळात ‘बट’ येते आणि त्यामागून खरे दुखणे येते. ते आले नाही तर मीच ‘बट?’ असे हळूच विचारतो. आपण ध्वनिफीत ऐकवाल तेव्हा ‘वेल’नंतर ती थांबवा आणि पुढचा माणूस होकार देईल की नकार, हे मुलांना ओळखायला सांगा.